वाट कुणी बघायची?

विंडोज संगणकावर एखादा प्रोग्रॅम अडकला, की त्याची खिडकी फिकी पडते, माउसच्या जागी गोल चकती फिरू लागते आणि वरच्या पट्टीत नावापुढे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं उमटतं. त्या क्षणी पडद्यावर जी खिडकी दिसते, ती त्या प्रोग्रॅमची नसतेच. खरी खिडकी विंडोजने बाजूला सारलेली असते आणि तिच्या जागी तेवढ्याच मापाची, आधीचंच चित्र चिकटवलेली तोतया खिडकी उभी केलेली असते. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून ही युक्ती चालत आली आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांत या तोतयाचं नाव ‘घोस्ट विंडो’ असं आहे. मूळ प्रोग्रॅम कशालाच दाद देत नसला, तरी वापरणाऱ्याला निदान खिडकी सरकवता यावी, खाली ठेवता यावी, अगदीच वैताग आला तर बंद करता यावी, एवढीच तिची कामगिरी.

विंडोजने यासाठी पाच सेकंदांची मुदत ठेवली आहे. एखाद्या प्रोग्रॅमने पाच सेकंद त्याच्यासाठी आलेला एकही निरोप उचलला नाही, तर तो हँग झाला असं विंडोज धरून चालते.

गंमत अशी, की असा हँग झालेला प्रोग्रॅम बहुतेक वेळा काहीच करत नसतो. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर प्रोसेसरचा वापर शून्याच्या आसपास. कसली किचकट गणितं चालू नाहीत, डिस्क घरघरत नाही. प्रोग्रॅम नुसता वाट बघत उभा असतो. आणि फार वेळा ही वाट दुसऱ्या कुठल्यातरी संगणकाकडून येणाऱ्या उत्तराची असते.

हे समजायला खिडकीवाला प्रोग्रॅम आतून कसा चालतो ते बघावं लागतं. माउसचा प्रत्येक क्लिक, दाबलेलं प्रत्येक बटण, ‘तुझा अमुक भाग उघडा पडलाय, तो पुन्हा रंगव’ ही सूचना, हे सगळं निरोपांच्या रूपात एका रांगेत येऊन पडतं. प्रोग्रॅमचा मुख्य थ्रेड, म्हणजे सूचना ओळीने पार पाडत जाणारा त्याचा मुख्य धागा, एक निरोप उचलतो, त्यावरचं काम करतो, पुढचा उचलतो. बंद होईपर्यंत हाच फेरा. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. प्रत्येक निरोपावरचं काम तेवढ्यात उरकलं, तर खिडकी कशी लोण्यासारखी सरकते. पण ‘माहिती आणा’ या बटणावरच्या कामात प्रोग्रॅमरने सर्व्हरशी बोलणारी चार ओळींची आज्ञावली लिहिली असेल, तर त्या चार ओळी संपेपर्यंत मागची रांग जागची हलत नाही. ‘रद्द करा’ या बटणावरचा क्लिकसुद्धा त्याच रांगेत, त्याच कामाच्या मागे उभा असतो. म्हणून अडकलेल्या प्रोग्रॅममध्ये रद्दचं बटण कितीही दाबा, उपयोग नसतो. मॅक, लिनक्स, जावा, क्यूटी, कुठेही जा, रचना मुळात हीच. मॅकवर रंगीत फिरकी दिसते, एवढाच काय तो फरक.

आता नेटवर्कचा वेग. आजचा साधा प्रोसेसर सेकंदाला ३ अब्ज ठोके देतो. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती, तरी प्रश्न तिकडे जाऊन उत्तर परत यायला १२५ मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात केबल समुद्रातून वळणं घेत जाते, मध्ये राउटर असतात, आणि आकडा २०० मिलिसेकंदांच्या वर जातो. तेवढ्यात आपल्या टेबलावरच्या प्रोसेसरचे ६० कोटी ठोके होऊन गेलेले असतात.

हे झालं सगळं सुरळीत असताना. पलीकडचा संगणक बंद असेल, किंवा मधल्या फायरवॉलने आपली विनंती गुपचूप गिळून टाकली असेल, तर ‘नाही’ असंसुद्धा उत्तर येत नाही. टीसीपी या इंटरनेटवरच्या जोडणीच्या पद्धतीच्या नियमानुसार मग जोडणीची विनंती पुन्हा पाठवली जाते आणि दर खेपेला थांबण्याचा काळ दुप्पट होतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत बरीच वर्षं पहिल्यांदा १ सेकंद, मग २, ४, ८, १६, ३२ आणि शेवटी ६४. बेरीज १२७ सेकंद. दोन मिनिटांहून जास्त काळ प्रोग्रॅमला कळतच नाही की पलीकडे कोणी नाही. विंडोजवर हाच काळ साधारण २१ सेकंदांचा. पाच सेकंदांत तोतया खिडकी येते आणि जोडणी फसल्याचं कळायला एकवीस लागतात, हा हिशेब ज्या प्रोग्रॅमरने मांडला नाही त्याच्या प्रोग्रॅमचं काय होणार ते उघड आहे.

मग जोडणी करणारी आज्ञा मुळातच अशी अडवून धरणारी का केली? याचं उत्तर १९८३ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत सापडतं. त्या वर्षी १ जानेवारीला इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट टीसीपी/आयपीवर गेलं आणि ऑगस्टमध्ये बर्कलीने युनिक्सची ४.२बीएसडी ही आवृत्ती काढली. नेटवर्कवर बोलण्याचं ‘सॉकेट’ हे साधन तिच्यातून जगभर पसरलं. सॉकेट म्हणजे प्रोग्रॅमच्या हाती असलेलं जोडणीचं आपल्याकडचं टोक. त्यात लिहिलं की ते पलीकडे पोचतं, पलीकडून आलेलं त्यातून वाचता येतं. फाइल वाचावी तसंच. वाचायला काही नसेल, तर वाचण्याची आज्ञा काहीतरी येईपर्यंत परतत नाही. याला ‘ब्लॉकिंग’ म्हणतात, आणि सॉकेटची मूळ वागणूक हीच आहे.

त्या काळाला ती शोभून होती. वापरणारा काळ्या पडद्याच्या टर्मिनलवर बसून एक हुकूम देई आणि तो पुरा होण्याची वाट बघे. दरम्यान प्रोग्रॅमनेही थांबलं तर बिघडलं काय? फारच लांबलं तर कंट्रोल-सी दाबून मोकळं होता येई. युनिक्स एका थांबलेल्या प्रोग्रॅमला झोपवून बाकीच्यांना प्रोसेसर देत असे, त्यामुळे शेजाऱ्याचंही काही अडत नसे. शिवाय एकाच वेळी अनेक जोडण्यांवर लक्ष ठेवायचं असेल, तर ‘सिलेक्ट’ नावाची वेगळी आज्ञा त्याच आवृत्तीत होती. बर्कलीच्या मंडळींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे खिडक्या नव्हत्या.

खिडक्या जिथे होत्या तिथे मात्र पंचाईत झाली. १९९२ चं विंडोज ३.१ सहकारी तत्त्वावर चालत असे, म्हणजे एक प्रोग्रॅम आपणहून बाजूला होईल तेव्हाच दुसऱ्याला पाळी मिळे. अशा संगणकावर एका प्रोग्रॅमने सॉकेटवर वाट बघत बसायचं ठरवलं, तर घड्याळापासून वर्ड प्रोसेसरपर्यंत सगळंच ठप्प. सर्व्हर कुठे तरी दूर देशी गप्प बसलेला आणि इथे टाइप करत असलेलं पत्र जागच्या जागी गोठलेलं, असा प्रकार.

१९९१ च्या इंटरॉप या नेटवर्क-परिषदेत जेएसबी कंपनीच्या मार्टिन हॉल यांनी विंडोजसाठी सॉकेटचं एकच सामायिक प्रमाण असावं अशी कल्पना मांडली. त्यातून ‘विनसॉक’ आलं. पहिली आवृत्ती जून १९९२ मध्ये आणि खऱ्या अर्थाने रुळलेली १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९३ मध्ये. या १.१ मध्ये गोठण्यावर दोन निरनिराळे उपाय होते, आणि पुढच्या तीस वर्षांत जे जे झालं त्याची दोन्ही बीजं तिथे सापडतात.

पहिला उपाय चतुराईचा होता. प्रोग्रॅमरने थांबणारी आज्ञाच द्यायची, पण ती आतल्या आत थांबल्याचं नुसतं सोंग करे. प्रत्यक्षात ती एका छोट्या फेऱ्यात निरोपांची रांग उपसत राही आणि अधूनमधून उत्तर आलं का ते बघे. खिडकी जिवंत, आज्ञावली सरळसोट. दिसायला सगळं छान. पण रांग उपसली जाते म्हणजे क्लिकही उचलले जातात. ‘पाठवा’ दाबूनही काही हललं नाही म्हणून वापरणाऱ्याने अधीर होऊन पुन्हा दाबलं, की पहिलं पाठवणं अर्ध्यावर असताना त्याच्याच पोटात दुसरं सुरू होणार. किंवा त्याने खिडकीच बंद केली, तर परत आलेली आज्ञा अस्तित्वातच नसलेल्या खिडकीवर लिहायला जाणार आणि प्रोग्रॅम कोसळणार. विनसॉकला यासाठी खास चूक-संदेश ठेवावा लागला होता: एक काम चालू आहे, दुसरं आत्ता नाही.

दुसरा उपाय खरा. प्रोग्रॅमने विनसॉकला सांगून ठेवायचं, की या सॉकेटवर वाचण्याजोगं काही आलं, लिहायला जागा झाली किंवा जोडणी तुटली, तर माझ्या खिडकीच्या रांगेत एक निरोप टाक. एवढं सांगून आपल्या कामाला लागायचं. गॅसवर कुकर ठेवून कोणी त्याच्याकडे टक लावून उभं राहत नाही. शिट्टी होईल तेव्हा कान टवकारले जातात, तोवर कोशिंबीर होते. नेटवर्कवरून आलेले बाइट आता क्लिक किंवा बटण यांच्याच पंगतीला, त्याच रांगेतून, आणखी एक निरोप बनून येऊ लागले.

यात एक बारकावा आहे, आणि तो कळला की या विषयातली अर्धी भीती जाते. बाइट स्वीकारण्याचं काम प्रोग्रॅम करतच नाही. ते ऑपरेटिंग सिस्टिम करते. नेटवर्क कार्डावर आलेली माहिती ती आपल्या बफरमध्ये साठवून ठेवते. प्रोग्रॅम त्या वेळी वाचायला उभा असो की मेनू रंगवत असो, तिला फरक पडत नाही. प्रोग्रॅमने फक्त साठलेलं उचलून न्यायचं असतं. ताटकळत उभं राहिल्याने उत्तर एक मिलिसेकंदही लवकर येत नाही.

विंडोज ३.१ सोबत टीसीपी/आयपी मिळतच नसे. ते वेगळं मिळवावं लागे, आणि हजारो लोकांनी ते मिळवलं ते ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या पीटर टॅटम यांच्याकडून. त्यांचं ‘ट्रम्पेट विनसॉक’ हे शेअरवेअर नव्वदच्या दशकाच्या मध्याला डायल-अप इंटरनेटचं प्रवेशद्वारच होतं. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यानंतर नऊ दिवसांनी, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ बाजारात आलं. त्यात टीसीपी/आयपी आधीपासूनच होतं, आणि ३२-बिट प्रोग्रॅमांसाठी सहकारी तत्त्व गेलं होतं. एका प्रोग्रॅमने वाट बघितली तर आता तोच गोठे, सगळा संगणक नाही.

ही प्रगतीच. पण शिस्त तिथेच ढिली झाली असं म्हणायला जागा आहे. जोवर एका चुकीने सगळी यंत्रणा ठप्प होत होती, तोवर प्रत्येकाला निरोपांचा मार्ग धरणं भागच होतं. चूक स्वतःपुरती उरली, आणि ‘चालतंय की’ ही वृत्ती वाढली. व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘डू-इव्हेंट्स’ नावाची एक आज्ञा होती. ती म्हणजे तीच जुनी सोंगाची युक्ती: कामाच्या मध्येच रांग थोडी उपसून घ्यायची. एका ओळीत खिडकी जिवंत होते म्हणून नवशिक्यांनी ती मिठासारखी पेरली, आणि मग दोनदा नोंदल्या जाणाऱ्या पावत्यांसारखे दोष महिनोन्महिने शोधत बसले. डेल्फी भाषेसाठी ‘इंडी’ हा नेटवर्कचा संच फार लोकप्रिय होता. त्याच्या कर्त्यांनी ब्लॉकिंग सॉकेट जाणूनबुजून निवडले, कारण सरळ वरून खाली वाचता येणारी आज्ञावली समजायला आणि दुरुस्त करायला सोपी, असं त्यांचं म्हणणं. ते चूक नव्हतं. पण खिडकी गोठू नये म्हणून त्यांनाही एक जोडपुर्जा द्यावा लागला, आणि त्याच्या नावातच ‘अँटिफ्रीझ’ होतं. तो टाकला की वाट बघता बघता रांग उपसली जाई. म्हणजे पुन्हा तेच.

निरोपांच्या मार्गाने जाणाऱ्यांपुढे वेगळाच खड्डा होता. व्हिज्युअल बेसिकच्या विनसॉक नियंत्रकात ‘डेटा अरायव्हल’ नावाची घटना असे. माहिती आली की ती उठे. पाहणाऱ्याचा सहज समज होई, की पलीकडून एक संदेश पाठवला की इकडे ही घटना एकदा उठणार. स्वतःच्याच संगणकावर दोन खिडक्या उघडून चाचणी घेतली तर तसं घडेही. पण टीसीपीला संदेश ही गोष्टच माहीत नाही. त्याच्या लेखी सगळा बाइटांचा अखंड प्रवाह. पलीकडून तीनदा पाठवलेलं इकडे एकदम येऊ शकतं, आणि एकदा पाठवलेलं तीन तुकड्यांत.

इंग्रजी मजकुराच्या चॅट-प्रोग्रॅममध्ये ही चूक वर्षानुवर्षं दडून राहू शकते, कारण तुकडा कुठेही पडला तरी अक्षर शाबूत राहतं. देवनागरीत ती झाकली जात नाही. यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘नमस्कार’ या शब्दात हलन्त आणि काना धरून सात चिन्हं, म्हणजे एकवीस बाइट. तुकडा दहाव्या बाइटावर पडला, तर हलन्ताच्या चिन्हाचा पहिला बाइट अलीकडे आणि उरलेले दोन पलीकडे. प्रोग्रॅमने आला तुकडा लगेच अक्षरांत बदलायला घेतला, की मध्ये प्रश्नचिन्हं नाहीतर चौकोन. ‘मराठीत मध्येच कचरा दिसतो’ ही तक्रार फॉन्टवाल्याकडे जाते, पण दोष सॉकेट वाचणाऱ्याचा असू शकतो. उपाय साधा आहे: आलेले बाइट आपल्या बफरमध्ये साठवत जायचे, संदेशाची लांबी आधी पाठवून किंवा शेवटाची खूण ठरवून एक पूर्ण संदेश हाती लागेपर्यंत थांबायचं, आणि मगच अक्षरं करायची. थांबायचं म्हणजे अडून बसायचं नाही. नोंद ठेवून परत जायचं आणि पुढचा निरोप आला की तिथून पुढे सुरू करायचं.

बहुतेक प्रोग्रॅमरना सुचणारा उपाय मात्र वेगळा असतो: वाट बघण्यासाठी दुसरा थ्रेड कामाला लावायचा. मुख्य थ्रेड खिडकी सांभाळेल, दुसरा सॉकेटवर खुशाल ताटकळत बसेल. डेस्कटॉपवरच्या दोन-चार जोडण्यांसाठी हा उपाय अगदी योग्य आहे. विंडोजवर एका थ्रेडच्या स्टॅकसाठी एरवी १ मेगाबाइट जागा राखली जाते. दहा हजार जोडण्या सांभाळणाऱ्या सर्व्हरला तो हिशेब जड जातो. डॅन केगल यांनी १९९९ मध्ये ‘सी१०के’ नावाने हाच प्रश्न मांडला आणि एनजिनएक्ससारखे सर्व्हर पुढे त्याच वाटेने घडले. पण मेल वाचणाऱ्या किंवा शेअरचे भाव दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला कुठे दहा हजार जोडण्या हव्या असतात?

त्याची अडचण दुसरीच. दुसऱ्या थ्रेडने आणलेली माहिती खिडकीवर दाखवायची तर ती त्याने स्वतः दाखवायची नसते. खिडकीला हात फक्त मुख्य थ्रेडने लावायचा, हा नियम जवळपास सगळीकडे आहे. डॉटनेटमध्ये तो मोडला तर ‘क्रॉस-थ्रेड’ असं खडसावून प्रोग्रॅम थांबतो. जावाच्या स्विंग या खिडक्यांच्या संचात तेवढंही होत नाही. कधी यादी अर्धवट रंगते, कधी काहीच घडत नाही, आणि दोष ग्राहकाच्या संगणकावरच दिसतो. म्हणून २००६ मध्ये जावा ६ सोबत ‘स्विंगवर्कर’ हे तयार साधन आलं: काम मागे, निकाल पुढे.

खिडक्यांचे संच अनेक थ्रेडना एकदम वापरता येतील असे का बांधले नाहीत, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. सन कंपनीच्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये त्यावर लिहिताना याला फसलेलं स्वप्न म्हटलं. कारण समजण्याजोगं आहे. माउसचा क्लिक ऑपरेटिंग सिस्टिमकडून निघून खिडक्यांच्या संचातून वर प्रोग्रॅमपर्यंत येतो. प्रोग्रॅमची ‘हे रंगव’ ही आज्ञा नेमकी उलट दिशेने खाली जाते. दोन थ्रेड एकाच वेळी समोरासमोरून निघाले आणि दोघांनी वाटेतली कुलपं आपापल्या क्रमाने लावली, तर पहिल्याला हवं असलेलं कुलूप दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याला हवं ते पहिल्याकडे. दोघेही जन्मभर उभे. याचं नाव डेडलॉक. एकाच थ्रेडला खिडकीचा मान देऊन हा पेच मुळातून टाळला जातो.

क्यूटी हा नॉर्वेत जन्मलेला संच दोन्ही मार्ग देतो. त्याचा सॉकेट मुळात निरोपांवर चालतो. वाचायला काही आलं की ‘रेडी-रीड’ असा संकेत देतो. ‘वाचायला येईपर्यंत थांब’ अशीही आज्ञा त्यात आहे, आणि ती मुख्य थ्रेडवर वापरलीत तर खिडकी गोठेल, असं त्याच्याच दस्तऐवजात बजावलेलं आहे.

थ्रेड नकोत आणि तुकड्या-तुकड्यांची नोंद ठेवण्याची कटकटही नको, असं वाटणाऱ्यांसाठी भाषांनीच मदत केली. मायक्रोसॉफ्टच्या एफ-शार्प भाषेत २००७ मध्ये सुरू झालेली कल्पना २०१२ मध्ये सी-शार्प ५ मध्ये ‘असिंक’ आणि ‘अवेट’ या जोडीने आली. पायथनने ती २०१५ मध्ये आणि जावास्क्रिप्टने २०१७ मध्ये उचलली. आज्ञावली वरून खाली सरळ वाचता येते, इंडीवाल्यांना हवी होती तशी. पण ‘अवेट’ लिहिलेल्या जागी प्रोग्रॅम थांबत नाही, तो निरोपांच्या फेऱ्याकडे परत जातो, आणि उत्तर आलं की नेमक्या त्या ओळीपासून पुढे सुरू होतो. २०१२ च्याच विंडोज ८ च्या नव्या ॲप-रचनेत मायक्रोसॉफ्टने अधिकच कडक धोरण घेतलं: ज्या कामाला ५० मिलिसेकंदांहून जास्त लागू शकतात, त्याची थांबणारी आवृत्ती द्यायचीच नाही.

तरीही माणसं वाट काढतातच. ‘अवेट’ लिहिण्याऐवजी ‘निकाल दे’ अशी सक्तीची आज्ञा मुख्य थ्रेडवर दिली, की मुख्य थ्रेड निकालासाठी थांबतो. निकाल तयार करणाऱ्या कामाचा शेवटचा तुकडा मुख्य थ्रेडवर चालायचा असतो, आणि तो तर थांबलेला. सी-शार्प शिकणाऱ्यांपैकी फार थोडे या सापळ्यातून सुटले असतील. गूगलने अँड्रॉइडवर सरळ दंडुकाच उगारला. २०११ च्या अँड्रॉइड ३.० पासून मुख्य थ्रेडवर नेटवर्कला हात लावला, की ॲप तिथल्या तिथे कोसळतं. डेस्कटॉपवर असा पहारेकरी नाही.

कधीकधी मात्र सॉकेटचं कसब पुरत नाही, आणि प्रोग्रॅमची मांडणीच बदलावी लागते. आउटलुक या मेल-प्रोग्रॅमचा अनुभव तसाच आहे. कार्यालयांतल्या आउटलुकमध्ये एखाद्या मेलवर क्लिक केला की तो एक्स्चेंज सर्व्हरकडून आणला जाई. सर्व्हर दूर किंवा दमलेला असला की ‘एक्स्चेंज सर्व्हरकडून माहिती मागवत आहे’ अशी चौकट उघडे आणि बघत बसावं लागे. २००३ च्या आवृत्तीत ‘कॅश्ड एक्स्चेंज मोड’ आला. पूर्ण पेटीची प्रत आपल्याच डिस्कवर, क्लिकचं उत्तर तिथूनच, आणि सर्व्हरशी ताळमेळ मागच्या मागे. जोडणी तुटली तरी जुना मेल उघडतो आणि नवा लिहून ठेवता येतो. ताटकळणं कमी करण्याऐवजी वापरणाऱ्याचा आणि नेटवर्कचा थेट संबंधच तोडला, म्हणून तो उपाय इतका टिकला.

उपयोगितेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी सांगितलेल्या मर्यादा इथे लागू पडतात. दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. याचं मूळ रॉबर्ट मिलर यांच्या १९६८ च्या निबंधात आहे. म्हणजे खिडक्यांच्याही आधीच्या काळातलं, आणि आजही लागू.

सगळी काळजी घेतलेला प्रोग्रॅमही एका ठिकाणी हमखास फसतो, ते म्हणजे नाव शोधणं. सर्व्हरशी जोडण्याआधी त्याच्या नावावरून आयपी पत्ता काढावा लागतो. जोडणीची आज्ञा न अडवणारी करता येते, पण पत्ता काढणाऱ्या प्रमाण आज्ञेला तसा पर्यायच नाही. नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर गप्प असेल तर ती थांबते म्हणजे थांबते. सगळं काही असिंक्रोनस असल्याचा दावा करणारं नोड.जेएससुद्धा हे काम पडद्याआड थ्रेडकडे देतं, आणि त्या थ्रेडांची मूळ संख्या चारच आहे. दुसरी दगाबाज गोष्ट म्हणजे मेलेली पण तुटलेली नाही अशी जोडणी. लॅपटॉपचं झाकण मिटलं, वायफाय बदललं, पलीकडच्याला काहीच कळलं नाही. टीसीपीला शांतता आणि मृत्यू यांतला फरक सांगता येत नाही, आणि ‘जिवंत आहेस का’ हे विचारण्याची त्याची अंगभूत सोय सुरू केली तरी पहिली विचारणा मूळ मांडणीप्रमाणे दोन तासांनी होते. म्हणून चांगले प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी स्वतःच एक छोटा संदेश पाठवून खातरजमा करतात. रद्दचं बटण देणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: लिनक्सवर दुसऱ्या थ्रेडने सॉकेट नुसता बंद केला तर वाचत अडकलेला थ्रेड जागा होईलच असं नाही. त्यासाठी आधी ‘शटडाउन’ करावं लागतं.

पत्त्यांच्या बाबतीत गेल्या दशकात आणखी एक गुंता आला. एकाच सर्व्हरला जुना आयपीव्ही-४ पत्ता असतो आणि नवा आयपीव्ही-६ सुद्धा. भारतात जिओच्या मोबाइल जाळ्यामुळे आयपीव्ही-६ कोट्यवधी फोनांवर पोचलं, पण घरातल्या किंवा कार्यालयातल्या जुन्या राउटरवर ते अर्धवट चालणं असंभव नाही. प्रोग्रॅमने आधी आयपीव्ही-६ चा पत्ता धरला आणि ती वाट बंद निघाली, तर पुन्हा तीच एकवीस सेकंदांची शांतता. त्यावर २०१२ मध्ये ‘हॅपी आयबॉल्स’ नावाची पद्धत प्रमाणित झाली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. आयपीव्ही-६ वर जोडणी सुरू करायची, २५० मिलिसेकंदांत जमलं नाही तर ती न सोडता आयपीव्ही-४ वरही सुरू करायची, जी आधी लागेल ती ठेवायची. कर्ल या साधनात हीच सवलत २०० मिलिसेकंदांची आहे. ब्राउझर हे सगळं आपोआप करतात, म्हणून वायफायवरचं आयपीव्ही-६ मोडलेलं आहे हे घरात कुणाच्या गावीही नसतं. त्याच वायफायवर, यादीतला पहिला पत्ता उचलून त्याच्यावरच अडून बसणारा हिशेबाचा एखादा छोटा प्रोग्रॅम मात्र दर सकाळी गोठतो, आणि दुरुस्तीला आलेला माणूस अँटिव्हायरस तपासून जातो.